संगणकाच्या पोटात खेळतं पाणी

वीज आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, हा धडा आपल्या घराघरांत मूल चालायला लागल्यापासून दिला जातो. ओल्या हाताने बटण लावू नकोस, कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढ, टीव्हीवर फुलदाणी ठेवू नकोस. आणि आता याच घरातले कॉलेजात जाणारे चिरंजीव जेवणाच्या ताटावर जाहीर करतात, ‘‘बाबा, मी नवा कॉम्प्युटर स्वतः जोडणार आहे. त्याच्या आत पाणी फिरवणार आहे. पंप, नळ्या, रेडिएटर, सगळं.’’ आईचा पहिला प्रश्न ‘‘शॉक नाही ना बसणार?’’ असा असतो. बाबांचा पहिला प्रश्न ‘‘कितीला पडेल?’’ हा असतो. आजोबा मात्र ‘रेडिएटर’ हा शब्द ऐकून कान टवकारतात.

निदान जबलपूरचे आजोबा तरी नक्कीच टवकारतील. जबलपूर हे कारखान्यांचं गाव. इथला गन कॅरेज कारखाना १९०४ सालचा. पुढे वाहन निर्माणी आली आणि लष्कराचे शक्तिमान ट्रक, जोंगा गाड्या इथून देशभर गेल्या. ‘जोंगा’ या नावातला पहिला ‘ज’सुद्धा जबलपूरचाच. नोकरीच्या निमित्ताने पिढ्यान् पिढ्या इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही कारखान्याची भाषा रुळलेली आहे. इंजिन तापतं, पाणी ती उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याला देतं आणि परत येतं, हे या घरांतल्या आजोबांना कुणी समजावून सांगायला नको. नातवाला संगणकात हेच करायचं आहे. फरक इतकाच, की जोंगाचं इंजिन दोघांना उचलायला जड आणि नातवाचं ‘इंजिन’ बिस्किटाएवढं.

एवढं तापतं कशामुळे?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरोघरी संगणक येऊ लागले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर साधारण १५ वॅट वीज खायचा. म्हणजे झिरोच्या एका बल्बपेक्षा काकणभर जास्त. त्यावर एक चिमुकला पंखा बसवला की काम भागायचं. आज बाजारातला इंटेलचा आय-नाइन १४९००के हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा २५३ वॅटपर्यंत जातो. खेळांसाठी आणि व्हिडिओच्या कामासाठी लागणारं वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड त्याहून खादाड आहे. एनव्हिडियाचं ४०९० हे कार्ड ४५० वॅटचं आणि २०२५ साली आलेलं ५०९० तर ५७५ वॅटचं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. पंख्याला दिलेल्या विजेतून वारा मिळतो, बल्बला दिलेल्या विजेतून उजेड. संगणकाच्या चिपला दिलेल्या विजेची मात्र जवळजवळ सगळी उष्णताच होते. म्हणजे असा संगणक जोरात चालू असताना टेबलाखाली पाच-सातशे वॅटची शेगडी पेटलेली असते. इस्त्री साधारण हजार वॅटची असते, त्यावरून अंदाज बांधा. शिवाय ही उष्णता एका नखाएवढ्या तुकड्यात तयार होते. ती तिथून लगेच हलवली नाही, तर चिप ९५ ते १०० अंशांपर्यंत पोहोचते आणि जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करते. पैसे मोजले घोड्याचे आणि भर उन्हात ते खेचर झालं, असा प्रकार.

पाणी इथे उपयोगी पडतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता साठवू शकतं आणि हवेपेक्षा वीसपट अधिक सहजतेने ती वाहू देतं. चिपवर तांब्याची एक पोकळ पट्टी बसवतात. तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात आणि त्यांतून पाणी धावतं. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल आणि चिप पाचशे वॅट उष्णता देत असेल, तर एका फेरीत पाणी दोन अंशांनीही तापत नाही. ती उष्णता रेडिएटरपर्यंत जाते, तिथे मोठे पंखे सावकाश फिरत ती बाहेर टाकतात. पंखे सावकाश, म्हणून आवाज कमी. ज्यांच्या घरात अभ्यास, पूजा आणि टीव्ही एकाच खोलीत चालतात, त्यांना या शांततेचं मोल वेगळं सांगायला नको.

मोठ्यांच्या घरची जुनी रीत

ही काही कालपरवाची हौस नव्हे. आयबीएमचे १९८०च्या दशकातले मोठे संगणक पाण्यावरच थंड ठेवले जात. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाचे तर सगळे भाग वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवलेले असत. १९९०च्या दशकाच्या शेवटी परदेशातल्या हौशी पोरांनी मत्स्यालयाचा पंप आणि जुन्या मोटारीतला छोटा रेडिएटर वापरून घरच्या संगणकात हा उद्योग सुरू केला. त्यातून आजचा तयार सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. २००४ मध्ये अ‍ॅपलनेही आपल्या पॉवर मॅक जी-फाइव्हच्या वरच्या मॉडेलमध्ये द्रवाने थंड करण्याची सोय केली. त्यातल्या काही यंत्रांत पुढे गळती झाली, हेही विसरू नये.

यात एक धागा आपल्या पुण्याचाही आहे. १९८०च्या दशकात भारताला ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला अमेरिका तयार होईना, म्हणून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. काळाचा महिमा असा, की २०१८ साली पुण्याच्या पाषाणमध्ये उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्यूष’ बसला तो क्रे कंपनीचाच, आणि त्याची उष्णताही पाण्यावाटेच बाहेर जाते. २०२४ मध्ये त्याच संस्थेत आलेला ‘अर्क’ही पाण्यानेच थंड होतो. आपल्याला पावसाचा अंदाज सांगणारी यंत्रं स्वतः पाण्याच्या आधाराने जगतात!

तेव्हा चिरंजीवांची कल्पना वेडगळ नाही. पण पुण्याच्या संस्थेत अभियंत्यांची फौज आहे. जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या दोन खोल्यांत आई-बाबा आहेत. म्हणून पुढचा हिशेब नीट करावा लागतो.

मे महिन्याचा हिशेब

पाण्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करू. ‘पाण्याने थंड होणारा संगणक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माठ येतो. माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी हवेपेक्षा गार होतं. आपला खस लावलेला कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. संगणकातलं पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरतं. त्याची वाफ होत नाही. त्यामुळे ते खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी नाही.

साधारणपणे चांगला जोडलेला संच जोरात चालत असताना त्यातलं पाणी खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम राहतं. परदेशात पंचवीस अंशांच्या खोलीत ते पस्तीस अंश होतं. जबलपूरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. पंख्याखालची खोली चाळीस अंश असेल, तर नळ्यांतलं पाणी पन्नास होणार. बाजारात मिळणाऱ्या अनेक पंपांना साठ अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. पीईटीजी जातीच्या प्लॅस्टिकच्या कडक, देखण्या नळ्याही साधारण त्याच सुमाराला नरम पडू लागतात आणि सांध्यातून निसटतात. म्हणजे परदेशी फोटोत पाहून जी जोडणी आपण उचलली, ती तिथे सुखरूप असते आणि इथे लू चालू झाली की धोक्याच्या काठावर येते. म्हणून आपल्या हवेत रेडिएटर हिशेबापेक्षा एक माप मोठाच घ्यावा आणि नळ्या रबरासारख्या लवचीक घ्याव्यात. दिसायला कमी, पण झोपायला निर्धास्त.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि ती आईने ऐकावी अशी. पाण्यामुळे उष्णता कमी होत नाही, तिची फक्त जागा बदलते. सहाशे वॅट चिपमधून निघाले की ते खोलीतच येतात. दुपारी त्या खोलीत आजी आडवी होत असेल, तर तिच्या वाट्याला ती शेगडी येणार. संगणक कोणत्या खोलीत ठेवायचा, हा प्रश्न म्हणूनच प्रोसेसर कोणता घ्यायचा याच्याइतकाच मोठा आहे.

मग कूलरसमोर ठेवला तर? कूलरने खोलीच गार झाली, तर त्याचा फायदा पाण्यालाही मिळतो, यात शंका नाही. कोरड्या मे महिन्यात चांगला कूलर आपल्या तोंडाशी हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत आणू शकतो. मात्र त्याच्या थेट झोतात संगणक ठेवू नका. कूलरचे तुषार क्षार घेऊन येतात आणि ते क्षार सर्किटवर बसतात.

आणि टाकीत बर्फ टाकायची हुशारी कुणी करू नये! पाणी खोलीपेक्षा गार झालं की लोट्याच्या बाहेरून जसे थेंब जमतात, तसे ते नळ्यांवर आणि सर्किटवर जमतात. गळती नसतानाही संगणक ओला होतो. पावसाळ्यात तर फारच लवकर.

नर्मदेचं पाणी चालेल का?

नर्मदामाईचं पाणी कितीही पवित्र असलं, तरी ते इथे चालत नाही. नळाचं किंवा बोअरचं कुठलंच पाणी चालत नाही. भेडाघाटचे संगमरवरी खडक चुनखडीच्याच कुळातले. अशा खडकांमधून आलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. बंबाच्या आत जो पांढरा थर चढतो, तोच थर तांब्याच्या त्या केसासारख्या खाचांत बसला की वाट बंद. शिवाय क्षारांचं पाणी वीज वाहतं आणि त्यात शेवाळही धरतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारं औषध घालायचं, किंवा तयार कूलंट आणायचं. एका संचाला साधारण लिटरभर पुरतं.

इथे घरच्यांसाठी एक इशारा. काही कूलंटमध्ये मोटारीच्या कूलंटसारखंच ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर विषारी. रंगही सरबतासारखे हिरवे, लाल, निळे. ही बाटली स्वयंपाकघरात किंवा फ्रिजमध्ये चुकूनही ठेवू नका आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर मुळीच भरू नका. घरात लहान मूल, कुत्रं-मांजर असेल तर कुलपात ठेवा.

धातूंचंही एक पथ्य आहे. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजतं. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या तयार संचांत हे दोन्ही धातू बहुधा एकत्र असतात, पण त्यांच्या पाण्यात झीज रोखणारी द्रव्यं मोजून घातलेली असतात. घरी जोडताना मात्र रेडिएटर, पट्ट्या, सांधे सगळं तांब्या-पितळेचंच घ्यावं. स्वस्तात मिळाला म्हणून एक अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणला, तर वर्ष-दोन वर्षांनी त्याची किंमत बाकीचे भाग मोजतात.

जोडायचं कसं?

जबलपूरला जयंती कॉम्प्लेक्समध्ये संगणकाचे नेहमीचे भाग मिळतात. पाण्याचं सामान मात्र बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीकडून मागवावं लागतं. म्हणून यादी एकदाच, नीट करावी. एका सांध्यासाठी काम आठवडाभर अडतं.

पहिला नियम असा, की पाण्याआधी संगणक साध्या पंख्यावर जोडून चार-आठ दिवस चालवून पाहावा. एखादा भाग मुळातच सदोष निघाला, तर तो परत करणं सोपं जातं. ग्राफिक्स कार्डाचा मूळ पंखा काढला की अनेक कंपन्या हमी नाकारतात, तेव्हा हमीचा कागद आधी वाचावा.

मग रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने तीन-चारदा खळखळून धुवावा. आत डाग दिल्याचा मळ राहिलेला असतो. रेडिएटरला पंखे लावताना स्क्रूची लांबी तपासावी. लांब स्क्रू आतल्या पाण्याच्या नळीलाच भोक पाडतो आणि नवा कोरा रेडिएटर पहिल्याच दिवशी कामातून जातो. पंप नेहमी टाकीच्या खाली असावा, कोरडा कधी चालवू नये. सांधे हातानेच घट्ट करावेत. आतल्या रबरी कडीचं काम पाणी अडवणं हे आहे, पान्याने पिळलं तर ती चिरडते. आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची एक तोटी ठेवावी. ती नसेल, तर पुढच्या वर्षी पाणी बदलताना सगळं उलगडावं लागतं.

आता खरी परीक्षा. पाणी भरण्याआधी छोट्या हातपंपाने नळ्यांत हवा भरून काटा पाहायचा. काटा पंधरा-वीस मिनिटं हलला नाही, तर पुढे जायचं. मग पाणी भरायचं आणि वीज फक्त पंपाला द्यायची, बाकी कशालाही नाही. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि शक्य तर चोवीस तास पंप चालू द्यायचा. पेपरवर एक टिपका दिसला, तरी थांबायचं. मुलांचा सगळा धीर इथेच सुटतो. समोर नवा संगणक आहे, मित्र फोन करतायत आणि आपण टिश्यू पेपर बघत बसलोय! पण या चोवीस तासांत वाचलेला उतावळेपणा पुढे दीड-दोन लाखांचा माल वाचवतो.

आणि शॉक? नळ्या जिथून जातात, तिथे संगणकात बारा व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब असतो. धोका आहे तो पॉवर सप्लायच्या डब्यात, कारण तिथे घरची २३० व्होल्टची वीज येते. तो डबा कधी उघडू नये आणि त्याच्या डोक्यावर सांधा येऊ देऊ नये. भिंतीतल्या तीन पिनच्या प्लगाला खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. जुन्या घरांत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. गळती दिसलीच, तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि नंतरच फडकं. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

हो म्हणायचं की नाही?

आता बाबांचा प्रश्न. चांगला हवेचा कूलर तीन-चार हजारांत येतो. कारखान्यातून बंद होऊन येणारा पाण्याचा संच साधारण आठ-दहा हजारांपासून पुढे. हाताने जोडलेला पूर्ण संच मात्र पन्नास हजारांच्या घरात सहज जातो आणि यात मूळ संगणकाची किंमत धरलेली नाही. एकेक सांधाच काही शे रुपयांचा आणि सांधे लागतात दहा-बारा.

खरं सांगायचं तर बहुतेक घरांना याची गरज नाही. अभ्यास, प्रोग्रामिंग, ऑफिसचं काम, बऱ्यापैकी खेळ, या सगळ्याला हवेचा मोठा कूलर पुरतो, जबलपूरच्या उन्हाळ्यातही. शिवाय एक फुकटचा उपाय आहे. संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसरला वॅटची मर्यादा घालून देता येते. अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला सव्वाशेवर आणलं, तर बहुतेक कामांत वेग फारसा घटत नाही आणि उष्णता निम्मी होते. हे जो मुलगा आधी करून पाहील, त्याला विषय समजलाय असं खुशाल समजा.

तरीही मी ‘नाही’ म्हणा असं सांगणार नाही. रात्रंदिवस व्हिडिओ किंवा इमारतींची चित्रं तयार करून त्यावर कमावणाऱ्यांना ही शांतता आणि हा टिकाऊ वेग खरंच उपयोगी आहे. आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं, तर उष्णता, प्रवाह, धातू, दाब, वीज हे पाच विषय एका टेबलावर हाताने शिकवणारं दुसरं यंत्र घरात येणं कठीण. कारखान्यात आयुष्य काढलेले आजोबा आणि संगणकाशिवाय दुसरं न सुचणारा नातू यांना पान्याच्या दोन टोकांना धरणारं कामही आजकाल कुठे उरलंय? पण ही हौस आहे, हे आधी कबूल करून घ्यावं. हौसेचे पैसे हौसेच्या डब्यातून यावेत. फीच्या किंवा औषधाच्या डब्यातून नव्हेत.

तेव्हा परवानगी देण्याआधी मुलाला चार प्रश्न विचारा. कोणत्या कामासाठी हवाय? वॅटची मर्यादा घालून पाहिलीस का? एका वर्षाने पाणी कोण बदलणार? आणि तू शिकायला परगावी गेलास, तर मागे काय करायचं? शेवटच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं, तर ‘हो’ म्हणायला हरकत नाही.

जाता जाता

पाण्याच्या संगणकाचं वेळापत्रक आपल्या सणांना बांधून टाका, म्हणजे विसरायला होत नाही. दिवाळीच्या साफसफाईत पाणी बदला आणि रेडिएटरच्या पात्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा. होळीला, म्हणजे जबलपूरचं ऊन तापायच्या आधी, टाकीतली पातळी आणि सांधे तपासा. पाण्याचा रंग बदलला किंवा त्यात गढूळपणा दिसला, तर सणाची वाट पाहू नका. आणि घर बदलताना किंवा संगणक दुरुस्तीला नेताना आधी पाणी काढा. भरल्या टाकीचा संगणक रिक्षात घालून खड्ड्यांतून नेणं म्हणजे चोवीस तासांची ती परीक्षा पुन्हा पहिल्यापासून देणं आहे.